ब्रोना म्हणजे शोक

माझं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या भागात पोरींवर पोरी झाल्या की शेवटच्या पोरीला जे नाव ठेवतात, ते माझं. देवाला कळावं, की बाबा आता बास, ही आम्हाला नकोशी झाली, पुढचा मुलगा दे. मी चौथी. बारशाला आत्याने माझ्या कानात कुर्र केलं आणि ते नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि पाच वर्षांनी खरोखरच भाऊ झाला. आत्या आजही सांगते, "मी ठिवल्यालं नाव लागू पडलं." औषध लागू पडावं तसं.

औषध भावाला लागू पडलं. मला त्याचा कडूपणा तेवढा मिळाला. शाळेत हजेरी घेताना गुरुजी माझ्या नावाशी आले की पोरं हसायची. एक गुरुजी भले होते, ते नाव न घेता नुसतं माझ्याकडे बघायचे आणि टिंब मारायचे. सातवीनंतर हजेरीचा प्रश्नच मिटला. आई रानात जायची, तिन्ही बहिणींची लग्नं झाली होती, भावाला सकाळी शाळेत सोडायला आणि दुपारी आणायला माणूस हवं होतं. ते माणूस मी. त्याची शाळा सुटू नये म्हणून माझी सुटली.

लग्न झालं. मूल झालं नाही. सहा वर्षांनी नवऱ्याने दुसरी आणली, आणि मी एक पिशवी घेऊन माहेरी आले. तोवर आई-वडील दोघंही गेले होते. घर भावाचं. तो दारातच उभा राहिला, उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक. मी म्हटलं, "चार महिने राहू दे. कुठंतरी काम बघते." तो म्हणाला, "तू कुणाला पायजे हायेस? नावातच लिवलंय की तुझ्या."

ओरडला नाही. हसूनच म्हणाला. शेजारची म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला. मी पाणीसुद्धा न पिता माघारी फिरले. एसटीत बसल्यावर रडू आलं नाही. मनात एकच, की हे वाक्य तुझ्या घशात परत घालीन. कधी, कसं, माहीत नाही. पण घालीन.

पुढं पुण्यात दोन वर्षं धुणीभांडी, मग स्वयंपाक, मग ज्या बाईंकडे स्वयंपाक करत होते त्यांच्या ओळखीने कतार. असं भराभर लिहिलं की सोपं वाटतं. पासपोर्टच्या ऑफिसात, मेडिकलला, दोहाच्या विमानतळावर, प्रत्येक खिडकीत कुणीतरी माझं नाव मोठ्याने वाचलं. फरक एवढाच, की दोहात वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कळला नाही. शिक्का मारून तो नुसतं म्हणाला, "यल्ला, यल्ला." म्हणजे चल, पुढं हो. जन्मात पहिल्यांदा माझं नाव ऐकून कुणी हसलं नव्हतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

ज्या घरात मी काम करते ते अल हिलालमध्ये आहे, जुन्या विमानतळाच्या बाजूला. मॅडम आयर्लंडच्या, इथल्या शाळेत शिकवतात. दोन मुलं, साहेब महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. मला स्वतंत्र खोली आहे, शुक्रवारी सुट्टी, पासपोर्ट माझ्याच पेटीत. ज्यांना हे साधं वाटतं त्यांना मी काय सांगू? बागेतल्या बाकावर इतर घरांतल्या बाया भेटतात, त्यांच्या गोष्टी ऐकून आल्यावर मी मॅडमच्या मुलांचे डबे जरा जास्तच निगुतीने भरते. भीती कायम असते. कप फुटला तरी वाटतं, आता तिकीट हातात देतील.

पहिल्याच दिवशी मॅडमनी नाव विचारलं. सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं, बरं जमलं, आणि मग विचारलं, "छान आहे. अर्थ काय?"

आता हे मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. गावाकडे विचारायची गरज नाही, पुण्यात विचारायची गरज नाही. मी घाबरून माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं, "लाडकी."

"मग तू नशीबवान," मॅडम म्हणाल्या. त्या पावाला लोणी लावत होत्या. "मी ब्रोना. आमच्या जुन्या भाषेत ब्रोना म्हणजे शोक. दुःखी बाई." आणि पाव खाऊन शाळेत गेल्या.

शोक. आणि ही बाई ते लोण्यासारखं पावावर फासून खाते.

गेल्या वर्षी भावाचा फोन आला. नऊ वर्षांत तिसरा. पहिले दोन फोन वाटणीच्या कागदावर माझी सही हवी होती म्हणून. या वेळी आवाजात गूळ होता.

"आक्का, पोरगी झाली मला."

"बरं."

"बरं काय? आत्या झालीस तू! नाव तूच ठिवायचं बघ. आत्याचाच मान असतोय."

"तिघी आहेत की अजून आत्या."

"त्यांचं सोड गं. त्या ठिवणार पिंकी नायतर चिंगी. तू फॉरिनला ऱ्हातीस. काहीतरी हाय-फाय सांग. इथं गावात कुणाचंच नसंल असं. मी सगळ्यांस्नी सांगून बसलोय, कतारची आत्या नाव ठिवणार. कॉलवर कुर्र कर, आपण मोबाईल लावू पाळण्याला."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि बटाटे सोलायला बसले. चौथ्या बटाट्याला माझ्या मनात ते आलं, आणि मी सुरी खाली ठेवली.

ब्रोना.

ऐकायला किती गोड! गावात कुणाचंच नाही. भाऊ मिरवेल, अंगणवाडीत लिहील, जन्मदाखल्यावर चढवेल, आधार कार्ड काढेल. मी गप्प बसेन. आणि एकदा ते नाव सगळीकडे पक्कं झालं, की एक फोन करेन. म्हणेन, तुझ्या पोरीच्या नावाचा अर्थ शोक आहे. घरात शोक झाला म्हणजे काय झालं ते तुला माहीत आहे. तू रोज सकाळी तिला हाक मारून शोक बोलावतोस. नावातच लिहिलंय की.

खरं सांगते, इतका आनंद मला कतारला पोहोचल्यावरही झाला नव्हता. त्या दिवशीच्या बटाट्यांत मीठ दोनदा पडलं. साहेब दोन ग्लास पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. भावाने नाव चार वेळा म्हणून बघितलं. "ब्रोना. ब्रोना. वा! अर्थ काय, आक्का?"

याची तयारी मी केली होती. मॅडमनी एकदा मुलांना सांगताना मी ऐकलं होतं, की या नावाची एक साध्वी त्यांच्या देशात फार पूर्वी होऊन गेली. समुद्राकाठी राहायची, वादळात घंटा वाजवायची, म्हणजे होडीतल्या लोकांना किनारा कळावा. ती गेल्यावर घंटा हरवली. पण वादळ आलं की लोकांना घंटा ऐकू यायची, कुठून ते कळेना. कित्येक पिढ्या असं चाललं. मग एका वादळात जुनं झाड उन्मळून पडलं आणि त्याच्या पोटात घंटा सापडली.

मी भावाला घंटेचं सांगितलं. शोकाचं नाही.

"म्हंजी देवाचंच नाव की!" तो म्हणाला. "घंटावाली देवी! झकास काम, आक्का."

बारसं बाराव्या दिवशी, शुक्रवारीच येत होतं. मधले दिवस मी हवेत होते. फक्त एक काळजी. आम्ही खेड्यातल्या बाया कुठलंही विष टाकायचं तर आधी खात्री करून घेतो, की विषच आहे ना. नाहीतर उंदीर मेला नाही आणि पीठ वाया गेलं, असं होतं. म्हणून बुधवारी मॅडम शाळेतून आल्यावर मी चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, तुमचं नाव. शोक नक्की? दुसरा अर्थ नाही?"

"नक्की," त्या म्हणाल्या. "ब्रोन म्हणजे शोक. आमच्या भाषेत माफी मागायची तरी म्हणतात, माझ्यावर शोक आहे. का गं?"

"असंच. तुमच्या आईने असं का ठेवलं?"

मॅडमनी चहा फुंकला. त्यांच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. मग तीन वर्षांनी ह्या. आईने ठरवलं, की पहिलीला कुणी विसरायचं नाही, दुसरीला हाक मारली की पहिलीचीही आठवण व्हावी. "लहानपणी मला राग यायचा," मॅडम म्हणाल्या. "मला वाटायचं मी कुणाचं तरी थडगं आहे. मग मी आई झाले आणि राग गेला. नऊ दिवसांची मुलगी. कुणाला लक्षात राहिली असती? पण त्यांना ती इतकी हवी होती."

मी गॅसकडे बघत उभी राहिले. इतकी हवी होती. माझं विष हातातल्या हातात पाणी होत होतं. ज्याचा शोक करतात ते माणूस कुणाला तरी हवं असतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. या नावात शाप नव्हताच. आणि माझ्या नावावर तर कुणी शोकसुद्धा केला नव्हता.

तेव्हा मला फार राग आला. भावाचा नव्हे, मॅडमचा. यांच्याकडे दुःखाचं नावसुद्धा मायेनं ठेवतात! आणि त्या रागात मी बोलून गेले. "मॅडम, मी खोटं बोलले. माझ्या नावाचा अर्थ लाडकी नाही. नको असलेली."

मॅडमचा कप अर्ध्यात थांबला. मी मग सगळंच सांगितलं. दार, पिशवी, ते वाक्य. नाव चोरून भावाच्या पोरीवर शाप म्हणून घालणार होते तेही. एकेक शब्द शोधून, चुकीच्या इंग्रजीत. सांगताना परतीचं तिकीट डोळ्यांसमोर होतं, कारण खोटं बोलणारी बाई घरात कोण ठेवील?

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाव घे. माझ्या बापाचं नाही ते. पण मला एक सांग, त्याला कळणार कधी?"

"दाखला झाल्यावर."

"आणि त्या मुलीला?"

पोरगी मोठी होणार, शाळेत जाणार, आणि एक दिवस कुणीतरी तिला सांगणार, तुझ्या आत्याने मुद्दाम ठेवलं. मग तिच्या तोंडात माझं नाव येईल, जसं माझ्या तोंडात माझ्या आत्याचं येतं.

गुरुवारी मी देवाला हात जोडले, की माझा राग जाऊ दे. राग गेला नाही. तो तेवढाच होता, फक्त पोरीवरून सरकून जिथं जायचा तिथं नीट जाऊन बसला.

शुक्रवारी दुपारी कॉल लागला. इथं व्हिडिओ कॉल कधी लागतो, कधी नुसता फिरत राहतो, पण त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागला. मी माझ्या खोलीत पलंगावर, नवी साडी नेसून. तिकडे अंगणात मांडव, पाळणा, झेंडूच्या माळा, आणि अख्खी आळी. तिन्ही बहिणी, शेजारची ती म्हातारी. आणि पाळण्याशेजारी खुर्चीवर माझी आत्या. ऐंशीच्या पुढची, पण कान शाबूत.

बायका म्हणत होत्या, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या," आणि बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवत होत्या. मग फोन भावजयीने हातात घेतला आणि बाळाच्या कानाशी धरला. भाऊ पाठीमागून ओरडला, "आक्का, हं! कुर्र कर!"

माझ्यासमोर एक लहानसा कान होता, स्क्रीनभर.

मी म्हटलं, "आधी फोन वर धर, वहिनी. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिने धरला.

"मी एक नाव आणलं होतं," मी म्हटलं. "ब्रोना. तुझ्या दादल्याला सांगितलंय, घंटावाली देवी. ते अर्धंच आहे. ब्रोना म्हणजे शोक. दाखला झाल्यावर मी त्याला हे सांगणार होते."

तेवढ्यात माझ्या खोलीच्या दारावर टकटक. मॅडम. हात पिठाचे. "मला हाक मारलीस?"

"नाही मॅडम. तुम्हाला नाही."

त्यांनी फोनमधली सगळी माणसं बघितली, माझं तोंड बघितलं, "ओह," म्हणाल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. मोठ्या बहिणीने तिकडून विचारलं, "ह्ये कोण गं गोरं भूत?"

"तिचंच नाव ते," मी म्हटलं. "मी परत केलं. आता दुसरं ठेवते. पण त्याआधी तुझ्या दादल्याने एक वाक्य म्हणायचं. मला दारातनं माघारी लावताना म्हणाला होता ते. सगळ्यांसमोर."

भावाचा चेहरा स्क्रीनच्या कडेला आला. "कसलं वाक्य? आक्का, काय चाललंय, पावनं जमल्यात."

"म्हणूनच."

"मला काय आठवत न्हाय."

"आठवत न्हाय?" मी म्हटलं. "मग मी माझंच नाव ठेवते पोरीला. मान माझा आहे. तूच सांगून बसलायस सगळ्यांना. कुर्र करू?"

मी तोंड फोनजवळ नेलं. खरंच केलं असतं का? माहीत नाही. आज विचारलं तरी माहीत नाही. पण भावाला वाटलं, करेल.

"ए! ते नाव न्हाय हां!" तो जवळजवळ किंचाळला. "ते नको!"

"का रं? मला चाललं की चाळीस वर्षं."

त्याने फोन हिसकायला हात पुढं केला. भावजयीने फोन उलट्या हाताला घेतला. या बाईशी मी उभ्या आयुष्यात दहा वाक्यं बोलले नसेन. ती म्हणाली, "म्हणा की. लेकीसाठी म्हणा. काय म्हणला हुता तुमी?"

शेजारची म्हातारी मांडवाच्या कोपऱ्यातून म्हणाली, "मी ऐकलंय. तू म्हण, न्हायतर मी म्हणते."

मग त्याने म्हटलं. खाली बघून, एका दमात. "तू कुणाला पायजे हायेस, नावातच लिवलंय की तुझ्या."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

परत म्हटलं. या वेळी आवाज फाटला. आणि मला थंडगार वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. मी खोटं कशाला सांगू?

आत्या खुर्चीत सावरून बसली. "काय गं पोरी, बारशाला असलं बोलत्यात व्हय?"

"आत्या, बारशालाच बोलत्यात," मी म्हटलं. "तूच शिकवलंस."

तिने तोंडाला पदर लावला. लाजेने की रागाने, फोनवर कळत नाही.

मग मी भावजयीला म्हटलं, "आता तू ठेव नाव. तुझ्या मनात असेलच एक. माझा मान तुला दिला." कुणीतरी पुटपुटलं, आई कधी नाव ठेवते का. पण तिने वाकून बाळाच्या कानात स्वतःच कुर्र केलं आणि नाव सांगितलं, नंतर मोठ्याने सगळ्यांना. पहिला धपाटा तिच्या पाठीत शेजारच्या म्हातारीने घातला. नाव साधं आहे, गावात तशा दोन असतील. अर्थ चांगला आहे, एवढं सांगते.

भाऊ त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. बहिणी म्हणतात, झालं गेलं, लहान आहे तो, तूच फोन कर. मी करत नाही. काळजी मात्र वाटते. माझ्यावरचा राग त्याने त्या बाईवर काढला तर? म्हणून मीच तिला अधूनमधून दुपारी फोन लावते, तो घरी नसताना. ती म्हणते, काही बोलत नाही, गप असतो. मी खोदून विचारते, हात उचलत नाही ना? ती म्हणते, "न्हाय ओ, तेवढी धमक कुठली आता."

मागच्या आठवड्यात तिने सांगितलं, की सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला तर रांगेतले एकमेकांना म्हणतात, "काय रं, लिवलंय का नावात?" आणि दूध मोजून घेणारासुद्धा हसतो. मग हा कॅन ठेवून घरी येतो आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही.

मॅडमच्या मुलांसाठी मी तेव्हा सूप ढवळत होते. मी गॅस बारीक केला, फोन कानाशी नीट धरला आणि म्हटलं, "परत सांग, वहिनी. सावकाश सांग. कोण कोण हसलं?"